विहिरीपुढं लिहिलेलं नाव

मी मूळचा सोमालियाचा, नाव युसुफ, आणि माझ्या मराठीला हसू नका, पुण्यात भूगोलाची पीएचडी केली पण मराठी लोणी भापकर गावच्या मेंढरांमागं चालून शिकलोय, म्हणून ती अशी हाय. बाप उंटं राखायचा. मुलखातली विहीर न् विहीर त्याला तोंडपाठ, कुठलं पाणी गोड, कुठलं खारं, आणि कागद एक न्हाय. मी शिकलो, भूगोलाचा मास्तर झालो, म्हटलं बापाच्या डोक्यातलं कागदावर आणू.

काय सांगू तुम्हाला, तितंच घात झाला. पाण्याची योजना करणाऱ्या सायबांनी नकाशा मागितला, विहिरीपुढं मालकाचं नाव लिव म्हणाले. एका विहिरीवर दोन कुळं उंटं पाजायची, एक दिस हे, एक दिस ते, विहीर कुणाची असं कधी कुणी विचारलंच न्हवतं. मी आमच्या कुळाचं नाव लिवलं, जागा एकाच नावापुरती होती हो. बाप म्हणाला, खोड ते. मी म्हटलं, नकाशाला मालक लागतो. मग त्या नावावरनं विहिरीवर बंदुका निघाल्या, माझा चुलतभाऊ हसन गेला, तिकडचा बी एक पोरगा गेला, दोघं माझ्याच वर्गात शिकलेले.

बापानंच मला लांब धाडलं. पुण्याला आलो, पीएचडीला मेंढरांच्या वाटा घेतल्या. लोणीचे धनगर तात्या आणि त्यांच्या कारभारीण बायाक्का, या दोघांच्या कळपामागं उसाच्या कडंकडंनं, कालव्याच्या कडंकडंनं पार भिगवणपतूर चाललो. पहिल्याच दिवशी एका तळ्यावर वही काढली, विचारलं, तात्या, हे तळं कुणाचं? तात्या म्हणाले, आत्ता पिणाऱ्याचं. मी म्हटलं, आन् आपण गेल्यावर? मागनं येणाऱ्याचं, आणि कुणाचं? मी वही मिटली ती दोन दिवस उघडली न्हाय.

आता पीएचडी झाली, आन् परवा बापाचा फोन आला. दोन्ही कुळं झाडाखाली बसणार हायत, आमच्यात वाद तसाच मिटवतात, तोंडानं, समद्यांपुढं. तू ये म्हणाला, ते नाव कसं लिवलं ते सांग. शुक्रवारचं विमान हाय. भ्या वाटतंय हो. हसनची आई समोर बसंल, त्या पोराची बी बसंल. विहीर दोघांची होती म्हणालो तर माझंच कूळ मला फितूर म्हणंल, न्हाय म्हणालो तर ते कूळ परत बंदूक उचलंल.

काल तात्यांना म्हटलं, मला न्हाय जायाचं, हितंच ठिवा, मेंढरं राखीन. तात्या तंबाखू मळत म्हणाले, ज्यानं लिवलं त्यानंच खोडाय पायजे, लेकरा. बायाक्कांनी कपाळाला भंडारा लावला, मी मुसलमान हाय ते त्यांना ठाऊक हाय, म्हणाल्या, आईचा हात समज.

हा बघा माझा नवा नकाशा, लोणी ते भिगवण, तळ्यापुढं, विहिरीपुढं नुसतं पाणी लिवलंय. जुना बी पिशवीत हाय, आणि एक खोडरबर घेतलंय. रबरानं शाई जात न्हाय, ठाऊक हाय मला, तरी घेतलंय, दुसरं काय न्यावं सुचंना. हितं कुणाला नुसतं जा म्हणत न्हाईत, तेवढं मी शिकलोय. तुमी बी म्हणा की, जाऊन ये.