खाडी फेरी मंडळाला नाव हवंय

अहो, नावच तर हवं होतं! बंगला नाही, बढती नाही, नुसतं इंटरनेटवरचं एक सरकारी नाव, शेवटी डॉट गव्ह डॉट इन असलेलं... आणि तेवढ्यासाठी आमच्या धम्मपालचा, तुम्हाला सांगतो, पार भुगा झाला हो!

धम्मपाल म्हणजे मीरा-भाईंदर खाडी फेरी मंडळातला क्लार्क. खाडीत बोटी चालवतं ना, ते मंडळ. बोट कधी सुटणार, वाऱ्यामुळे कधी बंद, सगळं त्यांच्या वेबसाईटवर. साधं डॉट कॉम होतं. ते रिन्यू करायचं राहिलं, भलत्यानेच उचललं, आणि तारोडीच्या मासळीवाल्या सरूबाईंनी बोट आहे का बघायला मोबाईल उघडला तर काय? टकलावर केस उगवायचं तेल! तशाच गेल्या बिचाऱ्या पाटी घेऊन जेट्टीवर. बोट बंद! मग थेट ऑफिसात...

"माजी मासली नासली, आन तुमी तेल दाखवता? माज्या डोक्याव केस न्हाय काय?"

धम्मपालला मान वर करवेना. म्हणाला, "मावशी, यापुढे बोटच दिसेल. माझा शब्द." बोलून बसला! मग लावला फोन, ही सरकारी नावं देणाऱ्या ऑफिसला. पलीकडून गोड आवाज, "सर, सरकारी ईमेल से अप्लाय कीजिए." ईमेल कसा मिळणार? "सर, उसके लिए डोमेन चाहिए ना!" म्हणजे नावासाठी ईमेल आणि ईमेलसाठी नाव! नावच तर हवं होतं हो!

शेवटी वरच्या खात्यातल्या स्वाती मॅडमना दया आली, त्यांनी आपल्याकडून ईमेल काढून दिला. सुटलो म्हणतो तोवर साहेब, उदय सर, पेन वर धरून विचारतात, "मीरामध्ये एक आय की डबल ई?" झालं! बसवर एक, दुकानांवर दुसरं, आणि भाईंदर? ते तर ज्याला जसं सुचेल तसं! अकाउंट्सच्या संचिता मॅडम म्हणतात, "डबल ई घ्या सर, लकी असतं." शिपाई म्हणतो, "मराठीतच लिवा ना!" ऑफिसभर भांडणं, जेवणाचे डबे थंड... आणि नावच तर हवं होतं!

धम्मपाल म्हणाला, "सर, मंडळ ज्या जीआरने स्थापन झालं, त्यात आहे तेच घेऊ." सही झाली. अर्ज परत आला. का? शिक्का सहीवर पडला, सही वाचता येईना! पुन्हा अर्ज, पुन्हा वाट, रोज मेल उघडायचा, रोज तोंड पाडायचं... आणि एका दुपारी पठ्ठ्या खुर्चीवरून उठून ओरडला, "मिळालं!"

वेबसाईटचं पान तयारच होतं. चढवलं, आणि सरूबाईंना फोन. पलीकडून एकदम, "आरं, दिसते हाय! बोट दिसते हाय! उद्या सातची हाय ना? येते मी पाटी घेऊन!" अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या हो. धम्मपालचे डोळे भरले, तो म्हणतो धूळ गेली.

आणि दुसऱ्याच सकाळी वरून आदेश. मंडळ बरखास्त नाही हं, घाबरू नका. फक्त यापुढे 'मंडळ' म्हणायचं नाही, 'प्राधिकरण' म्हणायचं!

साहेब धीर देतात, "अरे, नाव बदललं तरी काम तेच!"

धम्मपाल हसला, बाह्या वर केल्या. "हो सर, तेच काम. पुन्हा."