अप्पांच्या दाराला कुलूप नको

नाही म्हणजे नाही. घराला कुलूप लावायचं नाही. वडील गेल्यावर तिसऱ्या दिवशी थोरल्या काकांशी यावरच भांडून मी मोरबीला कामावर परत आलो. आज तेराव्याला अक्का हे माझं पत्र वाचून दाखवतेय, तरी भांडण तिथंच आहे. दारासमोर जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. आज अप्पांबद्दल चांगलं बोलायचं असतं, कळतं मला. पण सातवी शिकलेला माणूस मी. शब्दांच्या आधी राग येतो. सांभाळून घ्या.

जुन्या हुबळीतलं हे घर अप्पांनी कर्ज काढून बांधलं. दुर्गदबैलच्या बाजारात मशीनवर बसून, लोकांचे शर्ट शिवून फेडत होते. मग नजर गेली, हप्ते थकले. बँकेनं दारावर नोटीस चिकटवली. सगळी गल्ली वाचायला आली. आत कोण आलं? सांगा की, आत कोण आलं?

मी फोनवर म्हटलं, "अप्पा, विकून टाका."

"कायदा आहे रे. असं लगेच ओढून नेता येत नाही घर."

अप्पांनी बंगळुरूच्या कर्जाच्या कोर्टात चार फेऱ्या मारून तीन महिन्यांचा स्टे आणला. दर महिन्याला ठरलेले पैसे भरायचे, तोवर बँकेनं हात लावायचा नाही.

मी ओरडलो, "मुदत म्हणजे माफी नव्हे, अप्पा!"

"माफी कोण मागतंय? फाटलेलं शिवायला वेळ लागतो. तेवढाच मागितला."

ताबा घ्यायला आलेल्या साहेबाला कागद दाखवला, वर चहा पाजला. "घ्या हो सर, अजून माझ्याच घरचा आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांत अप्पा गेले. भटजी म्हणाले, नक्षत्र वाईट, घर तीन महिने बंद ठेवा.

कायद्यानं दिलेले तीन महिने आपण नक्षत्राला देऊन टाकायचे? आई रायापूरला, काकांच्या घरी मागच्या खोलीत. इथं कुलूप. मुदत संपली की बँकेच्या माणसाला काम काय उरलं? आपल्या कुलपावर त्याचं कुलूप. बँकेला अप्पांना बाहेर काढता आलं नाही. आईला आपण काढतोय.

काका, तुम्ही वाईट नाही. घाबरलाय. मीही घाबरूनच "विका" म्हटलं होतं.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. तेवढ्यात काका, खिशातली किल्ली आईच्या हातात द्या. अप्पांच्या फोटोपुढचा दिवा ती कुलूप काढून आत नेईल. बँकेचे या महिन्याचे पैसे मी पाठवतोय. अठरा हजार पाचशे.