हिरवे तेवढे दगड

टोकन सतरा. निवृत्त भूवैज्ञानिक जयतीर्थांची दुखरी दाढ. अनुषाच्या हातात गारगोटीचा तुकडा, त्यावर तांब्याचा हिरवा डाग. बनशंकरीच्या दाताच्या दवाखान्यात ही नवी भूवैज्ञानिक मोठ्यानंच बोलत होती आणि सगळे ऐकत होते.

“जयतीर्थअण्णा, तुमच्या जुन्या अहवालावरून उद्या तांब्यासाठी बोअर मारायला सांगतेय. माझी पहिलीच शिफारस!”

“स्वल्प थांब गं. नमुने मी हिरवे तेवढेच वेचले होते.”

“अय्यो! आणि पांढरी गार?”

“तिच्याकडे कोण बघतो? नवी नोकरी, तांबं भरपूर दाखवून साहेबांना खूश करायचं होतं.”

“चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही?”

“तू तरी कुठं विचारलंस? हिरवाच तुकडा घेऊन आलीस की!”

“सरी, ठीक आहे. शिफारस थांबवते. आधी पांढरे दगड वेचू. तुम्हीही चला.”

“या गुडघ्यांनी?”

“त्याच गुडघ्यांनी.”

अहवालात जयतीर्थांनी लिहिलं होतं: नमुने गारेच्या शिरेच्या पूर्ण रुंदीतून, हिरवे-पांढरे सगळे, घेतले.