आमचा काजवा!

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे बाईंना समोरचं दिसत नव्हतं, पण दवाखान्यातल्या बाकावरचं बोलणं लख्ख ऐकू येत होतं.

"साहेब, ओळखलंत?"

"अरे, आमचा काजवा! युद्धात विमानामागे दिवे दिसले म्हणणारा!"

"आणि तुम्ही डोळे बिघडलेत म्हणून विमानातून उतरवून घरी बसवलेला."

"अख्खा हवाई तळ हसून लोळला होता."

"हसलात, म्हणून पुढे सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. माझ्या धाकट्या भावालाही विमान उडवताना दिवे दिसले. सोबतच्या वैमानिकाला म्हणाला, 'कळवू नकोस, दादासारखं घरी बसवतील.'"

"म्हणजे होते तरी काय ते दिवे?"

"माझे काय होते, देव जाणे. त्याला दिसली ती मागे लागलेल्या शत्रूच्या विमानाच्या इंजिनाची आग होती; सोबतचा वाचला, धाकटा नाही. हसा ना आता!"