कानशीला कुंकू

शाळा आणि कारखाना जोडायचा विषय निघालाच आहे, तर हे ऐका. दुसरं महायुद्ध संपल्यावर मी ग्लासगोहून शिकून आलो आणि तासगावच्या एका नांगराच्या कारखान्यात रुजू झालो. हायस्कूलची मुलं दुपारी काम शिकायला घ्या, म्हणून मालकांच्या मागे लागलो. देश हातांनी घडतो, असं मी तेव्हा तावातावानं सांगत असे. मालकांनी अट घातली, "एकाही बापाची तक्रार आली, तर हे बंद."

दसरा झाला आणि एका मुलाचे वडील, फौजेतून परतलेले सुभेदार, तरातरा आले.

"आवं सायेब, पोरानं खंडेनवमीला हितली लोखंड घासायची कानस घरी आणली. आज्याच्या तलवारीशेजारी पाटावर मांडली! मी म्हनलं, उचल ती. आमी काय लोहार हाय व्हय?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. योजना संपली, असं मी धरून चाललो.

"तर आमची मंडळी म्हनली, 'तुमच्या तलवारीनं लग्नात लिंबू टोचून घेतलं, त्येवढंच. पोराच्या कानशीनं नांगर तरी हुतोय.'"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दोन्हीला कुंकू लावलं. पोरगं यील उद्यापास्नं."

मी नव्या भारतावर बोलायला तोंड उघडलं, तोच मालक म्हणाले, "छान. येताना ती कानस घेऊन येऊ दे."

सुभेदार ताठ झाले. "ते न्हाई जमायचं. पुजलेलं हत्यार आमी दुसऱ्याच्या हातात देत न्हाई."