दोन मुठींची करवत

आदरणीय अध्यक्ष, मंचावरचे पाहुणे, आपल्या दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेतले सगळे काका आणि मावश्या, खुर्ची रिकामी असून मागे दाराशी उभे राहिलेले माझे बाबा, आणि ज्यांच्यासाठी आज आपण जमलोय ते माझे मोठे काका, सगळ्यांना माझा नमस्कार.

खरं तर इथे घड्याळवाले काका बोलणार होते. ते छान बोलतात. पण मोठे काका म्हणाले, "हिला बोलू दे, ही लवकर संपवेल." म्हणून मी उभी आहे. नववीनंतर मी शाळेत गेले नाही. तिथे रोज उभं राहून बोलायला लागायचं, ते मला जमायचं नाही. मग मोठ्या काकांनी मला दुकानात बसवलं आणि सोल्डरिंग शिकवलं. म्हणाले, "इथे बोलायची गरज नाही. हात हलला नाही पाहिजे, बास."

आता बोलायची गरज नाही हे काही खरं नव्हतं. आपल्या बाजारात सगळ्यांना माहितीये, मग मी तरी कशाला लपवू? माझे बाबा आणि मोठे काका सख्खे भाऊ, एकाच दुकानात बसतात, आणि मी दुसरीत असल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. पुढच्या टेबलावर बाबा मोबाइल दुरुस्त करतात. मागच्या टेबलावर काका जुने व्हिडिओ गेम. मध्ये मी. "तुझ्या बापाला सांग, स्क्रू ड्रायव्हर जागेवर ठेव." "तुझ्या काकांना सांग, तो माझाच आहे." दोघांनाही सगळं ऐकू जायचं, तरी मी सांगायचे. भांडण कशावरून झालं ते मी दोघांनाही विचारलंय. दोघांनी वेगवेगळं सांगितलं. (हसू नका ना, मला पुढचं आठवणार नाही.)

मोठ्या काकांचं कपाट तुम्ही पाहिलंय. मासे पकडायच्या गळासारखा कंट्रोलर, ढोलाचा कंट्रोलर, पायाने दाबायची चटई. पण सगळ्यात वर, फडक्यात गुंडाळलेली, ती करवत. नारिंगी प्लॅस्टिकची, माझ्या हाताएवढी लांब, रबराचे मऊ दात, आणि दोन्ही टोकांना एकेक मूठ. मधून वायर निघते ती मशीनला जाते. पडद्यावर मोठं लाकूड असतं आणि दोन दाढीवाले लाकूडतोडे. समोरासमोर उभं राहून दोघांनी करवत ओढायची, म्हणजे लाकूड कापलं जातं. एकट्याने होत नाही. मी लहानपणी एक टोक दाराच्या कडीला बांधून पाहिलं होतं. कडी निघाली.

आता काकांना बारीक काम दिसत नाही, म्हणून ते त्यांच्या मुलीकडे, आमच्या ताईकडे राहायला चाललेत, दुसऱ्या गावाला. मागच्या आठवड्यात कपाट आवरायला घेतलं. काकांचा नियम एकच, चालते की नाही हे बघितल्याशिवाय कुठलीही वस्तू खोक्यात जाणार नाही. गळ चालला, ढोल चालला. शेवटी करवत उरली. एक मूठ काकांनी धरली, दुसरी मी. मला जमेना. दर वेळी करवत अडकायची, लाकूडतोडे उताणे पडायचे आणि झाडामागून एक अस्वल हसायचं. ते अस्वल फारच हसतं.

बाबा पुढे एका मोबाइलची काच बसवत होते. तिसऱ्यांदा अस्वल हसलं तसे ते उठले. म्हणाले, "दे इकडे, तुझ्या हातात जोर नाही." आणि माझ्या हातातून मूठ घेतली.

मी मागे सरकले. दुकानात एक गिऱ्हाईक मावशी होत्या, त्यासुद्धा मान उंच करून बघायला लागल्या.

पहिल्याच ओढीला करवत अडकली. काका मला म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, ढकलतोय तो. करवत ढकलायची नसते. आपण ओढायची, आणि समोरचा ओढायला लागला की हात सैल सोडायचा."

बाबा म्हणाले, "काकांना सांग, मी ढकलत नाहीये."

आता सांगा, मी काय करायचं? इतकी वर्षं सांगतच आले होते. पण काका चालले होते ना. नंतर कुणाचं कुणाला सांगणार होते मी? मी म्हटलं, "मला ऐकू नाही आलं."

"काय?" दोघंही एकदम म्हणाले.

"माझा कान दुखतोय. तुमचं तुम्ही बघा."

बाबा माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, आता मार बसतो. मग ते करवतीकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "दादा, मी नाही ढकलत."

काका म्हणाले, "ढकलतोस. लहानपणापासून ढकलतोस. हात सैल सोड."

बाबांनी सोडला. काकांनी ओढलं. मग बाबांनी ओढलं, काकांनी सोडलं. खर्र, खर्र असा आवाज यायला लागला, भुसा उडताना दिसायला लागला. अस्वल गेलं कुठेतरी. मावशी म्हणाल्या, "माझ्या मोबाइलचं होऊ दे निवांत."

लाकूड अर्धं कापून झालं आणि काकांनी बटण दाबून खेळ थांबवला. मूठ सोडली.

बाबा घाबरले. "काय झालं? हात दुखला का, दादा?"

"नाही. राहू दे अर्धं."

"अर्धं कसं राहील? जुनं मशीन आहे. बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून."

"मग बंद करू नकोस. उरलेलं मी परत आल्यावर कापू."

"आणि वीज गेली तर?"

"बॅटरी लाव. दुरुस्तीचंच दुकान आहे ना तुझं?"

बाबांनी त्याच संध्याकाळी बॅटरी लावली. जे बाबा पंखा जरा वेळ चालू राहिला तरी मला ओरडतात, त्यांनी.

काका, तुम्ही मला खूप शिकवलंत, पण इथे ते सगळं सांगायला गेले तर रडू येईल. तुम्ही फक्त लवकर या. अस्वल वाट बघतंय. बाबा पण.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांत बसलात म्हणून तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. काही चुकलं असेल, घरातलं जास्त बोलून गेले असेन, तर मुलगी समजून पोटात घाला. आणि एक विनंती आहे. आमच्या दुकानात आलात तर मागच्या टेबलावर लाल दिवा लागलेलं एक मशीन दिसेल. कुणी नाहीये म्हणून चांगल्या मनानेसुद्धा ते बंद करू नका. तिथे काम चालू आहे.