माय अन् गेममधला राक्षस

हसू नका बे, पण तो भुताचा गेम मले मायनं जिंकून देला. जुनाच गेम, आता नवा करून काढला. त्यात एक धिप्पाड राक्षस आहे. त्याचे पाय धाडधाड वाजले का मी पळत सुटलोच, अन् बाहेरच्या दारापाशी पोचाच्या आधीच तो मांगून धरतेच. तीन दिवस हेच.

माय बाजूले मोहफुलं निवडत होती. म्हणाली, "पाठ काऊन दाखवून राह्यला रे? तोंड त्याच्याकडं ठेव, अन् मांगं मांगं सरक."

तसं केलं, अन् दार गाठलं! मी तं पलंगावर नाचलो.

"माय, तुले भेव नाई वाटलं त्याचं?"

"त्याचं कायचं भेव? आमी फुलं वेचतो त्या मोहाच्या झाडाखाली वाघ येते तं पान वाजत नाई. हा बिचारा सांगून येते."